आधी दात बघा, विहीणबाय

विहीणबाई, तुमचा कावळा फार लवकर आला.

दहाव्याच्या सकाळी आम्ही सगळे तुमच्या म्हसा गावी नदीकाठी जमलो होतो. पिंड ठेवला. आता कावळा लांब झाडावर बसणार, मान वाकडी करून बघत राहणार, आणि इकडे एकेक नातलग हात जोडून पुटपुटणार, धाकट्याचं लग्न करू, बांधावरचा आंबा तोडणार नाही, असं आपण जन्मभर बघत आलो. मीसुद्धा एक वचन तयार ठेवलं होतं. खर्डीहून निघाल्यापासून तोंडातल्या तोंडात घोकत आले होते. आणि तुम्ही काय केलंत? तुमच्या मुलानं हात मागे घेतला न घेतला तोच कावळा खाली. भटजीसुद्धा दचकले. बायका म्हणाल्या, पुण्यवान बाई, कशातच जीव अडकला नव्हता. मी मनात म्हटलं, या बाईनं जिवंतपणी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आता कशाला देईल.

वचन तोंडातच राहिलं. ते घेऊन घरी आले, आणि आता ते मला नीट जेवू देत नाही. म्हणून लिहायला बसले.

आपण भेटलो ते माझ्या मुलाच्या लग्नात. तुम्ही नवरीची आई, मी नवऱ्याची. मी तेव्हा पन्नाशीच्या आतली, म्हणजे अगदी कोवळी, आणि कोवळेपणाला शोभेल इतकी मूर्ख. पाय धुवायला ऊन पाणी आलं नाही म्हणून मांडवाच्या दारात रुसून उभी राहिले. तुम्ही घंगाळ पाठवलंत, त्यातलं पाणी असं कढत की पाऊल बुडवलं आणि मी रुसवा विसरून उडी मारली. वर तुम्ही पदराआडून म्हणालात, "ऊन पायजे होतं ना?" आपलं नातं तिथंच ठरलं.

माझा रुबाब सगळा शिक्षणाचा. मी जुनी अकरावी, तुम्ही सातवी. छापलेलं ते खरं, हा माझा धर्म. एकदा शेंगदाण्यांच्या पुडीच्या कागदावर वाचलं की टोमॅटोनं गुडघ्यात खडे होतात. त्या कागदावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, साल नव्हतं, अर्धा मजकूर तर वाण्याकडेच फाटून राहिला होता. तरी मी घरात टोमॅटो बंद केले. सासूबाई बिचाऱ्या शेजारी जाऊन चोरून टोमॅटोचं सार पीत. हे मी तुम्हाला फार उशिरा सांगितलं, आणि तुम्ही इतक्या हसलात की तुमची कवळी ताकाच्या भांड्यात पडली.

मग आली ती आकडी. आपली तन्वी, तुमच्या लेकीची आणि माझ्या मुलाची एकुलती एक, सहावीत होती. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आलेली, तुम्ही फराळाचा डबा घेऊन आलेल्या. पोर अंगणात रांगोळी काढत होती. चिमटीतला रंग एका जागी सांडत राहिला, मग ती आडवी झाली, डोळे वर, हातपाय ताठ. मी एका हातात कांदा आणि एका हातात चप्पल घेऊन धावले. तुम्ही स्वयंपाकघरातून उलथनं आणलंत, दातांत घालायला. दोन आज्या, तीन हत्यारं. देवाची कृपा की आपण एकमेकींवर आपटलो, आणि तुमचं उलथनं तिच्या तोंडापर्यंत पोचण्याआधी पोर आपोआप शांत झाली.

कल्याणच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, रोजची गोळी सुरू केली. महिने गेले, पुन्हा काही नाही. आणि मग माझ्या मोबाइलवर तो मेसेज आला. एका पावडरीनं आकडी मुळापासून जाते, गोळ्या मात्र पहिल्या दिवसापासून बंद करायच्या, कारण गोळ्यांनीच मेंदू सुकतो. तो मला दहा जणांनी पाठवला. मी म्हटलं, दहा माणसं खोटं कशाला बोलतील? पुडीचा कागद गेला, मोबाइल आला, बाई तीच. पोरीच्या आईबापांना सांगण्याआधी तुम्हाला माझ्या बाजूला वळवावं म्हणून मी म्हशाला आले. तुम्ही पडवीत वाल सोलत होतात. मी सगळं वाचून दाखवलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात,

"आधी दात बघा, विहीणबाय."

"दात? पावडरीला?"

"बातमीला. कदीची हाय ही? तारीख कुठंय?"

तारीख नव्हती.

"कुणाच्या दावणीची? लिवणाऱ्याचं नाव, गाव?"

"हिमालयातले एक महान वैद्य, असं लिहिलंय."

"येवढा मोटा हिमालय. त्याच्यात घर कुठलं? आन खाली काय लिवलंय?"

खाली फोन नंबर होता. पावडर घरपोच मिळेल.

"म्हंजे हेडीच सांगतोय, माजा बैल चांगला."

तुमचे वडील म्हशाच्या जत्रेत बैल पारखून द्यायचे, हे मला तेव्हा कळलं. लांबलांबून शेतकरी त्यांना आधी गाठायचे आणि मग बैलांच्या व्यापाऱ्यांकडे, त्या हेड्यांकडे जायचे. लहानपणी तुम्ही त्यांचा हात धरून दावणीदावणीनं हिंडलात. शिंगांचा हिंगूळ आणि पाठीवरची झूल बघायची नाही, जबडा उघडून दात बघायचे, म्हणजे वय कळतं. बैल चालवून बघायचा. कुठल्या गावचा ते विचारायचं आणि त्या गावचं दुसरं माणूस जत्रेत शोधून त्यालाही विचारायचं. आणि विकणाऱ्याच्या शब्दावर बैल कधी घ्यायचा नाही, मग तो सख्खा मामा का असेना.

"पण दहा जणांनी पाठवलाय," मी माझा हुकमी एक्का टाकला.

"योकच बैल धा येळा जत्रंत फिरवला, तर धा बैल झाले का?"

मला राग आला. अकरावी झालेल्या बाईला वाल सोलत सोलत गप्प करतात म्हणजे काय. मी म्हटलं, "मग खरं कुठे लिहिलेलं असतं, तुम्हाला माहीत आहे?"

"नाय," तुम्ही म्हणालात. जरा म्हणून लाज नव्हती त्या नायमध्ये. "म्हनून तर शोधाय जायचं. उद्या मुरबाडला वाचनालयात जाऊ. तुमी वाचा, माज्या डोल्यात मोतीबिंदू. मी इचारते."

आपण दोघी मुरबाडच्या वाचनालयाच्या काउंटरपाशी उभ्या राहिलो ते चित्र माझ्यासमोरून हलत नाही. ग्रंथपालबाई तरुण होत्या. त्यांनी आदरानं विचारलं, "आजी, व्रतांची पुस्तकं बघायचीत का?" तुम्ही म्हणालात, "आकडीची." त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. मी भक्तिभावानं मधलं पान उघडणार, तेवढ्यात तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत, पहिलं पान उघडलंत आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलंत. "साल वाचा." पुस्तक आपल्या मनीषापेक्षा, म्हणजे तन्वीच्या आईपेक्षाही थोरलं निघालं. "म्हातारा हाय," तुम्ही ग्रंथपालबाईंना सांगितलंत, जसं काही त्यांनीच तो विकायला आणला होता.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मेंदू कसा असतो ते समजून घ्यायला हे पुस्तक अजून चांगलं आहे, शरीर काही बदलत नाही. पण औषधं आणि उपचार यांची माहिती शिळी होते, ती ताजीच बघायला हवी. मग संगणकाकडे खुर्च्या ओढून त्यांनी आपल्याला वाट दाखवली. सुरुवात सरकारी आरोग्य खात्याच्या पानापासून करा. मग जिथे डॉक्टर शिकतात अशा मोठ्या रुग्णालयांनी रुग्णांसाठी लिहिलेली पानं बघा, जगभरच्या आरोग्याचं बघणाऱ्या संस्थेचं पान बघा. एकावर थांबू नका, दोन-तीन उघडून ताडून बघा. पानाच्या तळाशी जा, कुणी लिहिलं, कुणी तपासलं, शेवटचं कधी सुधारलं ते तिथे असतं. आणखी खोलात जायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारून बघा, बसून वाचायची परवानगी पुष्कळदा मिळते. "आणि आजी, सापडेल ते डॉक्टरांकडे प्रश्न म्हणून न्या, उत्तर म्हणून नको."

बाहेर आल्यावर तुम्ही उसाचा रस प्यायलात आणि म्हणालात, "पोरीला बैलांतलं कळतंय."

पुढचे कितीतरी रविवार आपण तुमच्या पडवीत मोबाइल मध्ये ठेवून बसलो. मराठीतलं सापडलं तर मराठी, नाहीतर मी इंग्रजी अडखळत वाचायची आणि तुम्ही मध्येच थांबवून दात विचारायच्या. एकदा तुम्हीही फसलात, हे इथे नोंदवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांचा फोटो, नाव, पदव्या, तारीख, सगळं जागच्या जागी. तुम्ही तासभर मान डोलवत ऐकलंत. शेवटी खाली गेले तर तेल विकायला ठेवलेलं. तुमचा चेहरा असा झाला की मी तुम्हाला पाणी दिलं. "बेगड लय चांगली लावली व्हती," एवढंच म्हणालात.

पण खरं सांगायचंय ते त्या दुपारचं. मी वाचत होते की मेंदूतल्या बारीक पेशी विजेच्या इशाऱ्यांनी एकमेकींशी सतत बोलत असतात, आणि आकडी येते तेव्हा पुष्कळ पेशी एकदम, एका सुरात बोलू लागतात.

"सगल्या येकदम? म्हंजे ग्रामसभा," तुम्ही म्हणालात.

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. हातातली वालाची शेंग खाली ठेवून तुम्ही स्वतःच्या कपाळाला हात लावलात, घागर भरली का बघताना लावतो तसा. बराच वेळ तसाच ठेवलात. मग म्हणालात, "येवढं सगलं या मडक्यात चालतं, विहीणबाय? आन आपन त्याला चप्पल हुंगवत व्हतो."

मी पुढे वाचलं. खूप जणांमध्ये आकडी नेमकी कशामुळे येते ते अजून कळलेलं नाही, असं त्या पानावर सरळ लिहिलेलं होतं. मला ते जरा निराशाजनकच वाटलं. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"आजून ठाव नाय, असं लिवलंय? जगातल्या येवढ्या मोठ्या डाक्टरांनी?" तुमचे मोतीबिंदूचे डोळे भरून आले होते. "साऱ्या जत्रंत असा हेडी बघितला का तुमी? हा खरा. ह्याच्याकडून घ्यायचं."

मी जन्मभर ठासून सांगणाऱ्यांवर विश्वास टाकत आले होते. जो अडखळतो त्याला काय कळतंय, असं मानत आले होते. आणि सातवी झालेली माझी विहीण, जिच्याशी मी ऊन पाण्यावरून भांडले होते, कबूल केलेल्या अज्ञानापुढे देवळात बसावं तशी बसली होती. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल जे वाटलं ते मी कधी बोलले नाही. त्याऐवजी म्हणाले, चहा टाका.

त्याच पानावर पुढे होतं, आकडीत तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, जवळचं कडक सामान दूर करा, एका कुशीवर वळवा, वेळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर रुग्णालयात न्या. आणि गोळ्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, आकडी उसळून, न थांबता येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावरही तेच, आणि ही पानं एकमेकींची नक्कल नव्हती. मी मेसेज पुसून टाकला. तो पुसताना तुम्ही मला बघितलंत आणि त्यावर आयुष्यात कधी टोमणा मारला नाहीत. बाकी कशावर सोडलं नव्हतंत.

आपण प्रश्न घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तुम्ही विचारलंत, "गोली कदी बंद करायची ते कोन ठरवनार, आन कशावरनं?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं समजावलं. दोन-तीन वर्षं आकडी आली नाही तर बघू, मग हळूहळू कमी करू, ते मी ठरवीन. तोवर गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही. शेवटी म्हणाल्या, असं विचारून येणारी माणसं आली की मला बरं वाटतं. परत येताना तुम्ही टोकावड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्या एसटीला ते सांगितलंत.

मधे दोनदा आकडी आली, दोन्ही वेळा जागरणानंतर. म्हणून गोळी अजून चालू आहे. पोर आता अठराची आहे, बारावी झाली, नाशिकला कॉलेज आणि हॉस्टेल ठरलं. तिथेच आपलं शेवटचं भांडण लागलं.

मी म्हटलं, हॉस्टेलात कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या लग्नाचं बघायचंय, नाशकात आपले पुष्कळ लोक आहेत.

तुम्ही म्हणालात, "खोलीतल्या पोरीला ठाव नसंल तर ती काय करंल? चप्पलच आनंल ना?"

"गोळी घेते, झोपते वेळेवर. काही होणार नाही."

"बैलाची खोड लपवून इकनारा हेडी झालाव तुमी."

हे फार लागलं. मी म्हटलं, "माझी नात काही बैल नाही."

"नाय ना? मग तुमी कशाला हेड्यावानी बोलताव?"

त्यानंतर आपण बोलत होतो, पण त्या एका गोष्टीला वळसा घालून. तुमचा शेवटचा फोन आला तेव्हा तांदळाच्या पापडांवर बोललो. पापडखार जास्त झालाय, असं तुम्ही म्हणालात. दोघींच्या मनात मात्र ते भांडणच होतं. ठेवता ठेवता म्हणालात, दोन दिवस पित्त झालंय, जबड्यात अन् पाठीत कळ येतेय. मी म्हटलं, आवळा खा. तुम्ही म्हणालात, व्हय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषाचा फोन आला.

तुम्ही गेल्यावर मी शोधलं, विहीणबाई. तीन पानं उघडली, तळाशी जाऊन तारखा बघितल्या. तिन्हीत तेच होतं. बायकांचं हृदय कधीकधी छातीत न दुखता जबड्यात, पाठीत, पित्तासारखं दुखतं. साऱ्या गोताच्या दुखण्यांचे दात बघणाऱ्या तुम्ही, स्वतःचा जबडा मात्र कुणाला उघडून दाखवला नाहीत. यावर मी आणखी लिहिणार नाही. तुमच्या भावकीतल्या सगळ्या बायकांना मात्र सांगितलंय, आणि त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं, तारीख काय? तुमचीच भावकी.

परवा तन्वीला नाशिकला सोडायला मीही गेले. मनीषा ऑफिसात कागद भरत होती. खोलीत दुसरी मुलगी होती, जळगावकडची, पेढ्यांचा डबा पुढे करणारी. तन्वी माझ्याकडे बघत होती. अगदी तुमच्यासारखी, मान खाली आणि डोळे वर.

मी पेढा तोंडात घातला. तो संपेपर्यंत मला वेळ होता. तो संपला.

मग मी त्या मुलीला सगळं सांगितलं, नदीकाठी तोंडात राहिलेलं वचन हेच होतं. आजाराचं नाव सांगितलं, गोळी सांगितली, झोप सांगितली. नुसतं सांगून भागेना म्हणून मी लुगडं सावरून फरशीवर आडवी झाले, हातपाय ताठ केले आणि म्हटलं, आता मला कुशीवर वळव. दोघींनी मिळून मला वळवलं. दारावरून जाणारी कुणी बाई थबकून पुन्हा चालू लागली. मी फरशीवरूनच सांगितलं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि चप्पल पायातच राहू द्यायची.

ती मुलगी माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. भुवया जवळ आणून म्हणाली, "पण आजी, हे खरं कशावरून? आमच्याकडे तर कांदा हुंगवतात."

विहीणबाई, मी त्या फरशीवर पडल्या पडल्या हसले, आणि डोळ्यांतून पाणी कानात गेलं. तन्वीनं मोबाइल काढला, ते पान उघडलं, सरळ तळाशी गेली आणि तारीख त्या मुलीसमोर धरली.

येताना गाडीत मला तुमचा कावळा आठवला. मी समजत होते, तुम्हाला घाई होती, नेहमीसारखं माझं वाक्य तोडलंत. आता वाटतं, तुम्ही माझं वचन ऐकायला थांबला नाहीत, कारण तुम्हाला त्याची गरजच नव्हती, मी सांगणारच हे तुम्ही धरून चालला होतात. नाव, गाव, तारीख काही न विचारता तुम्ही जन्मात एकच गोष्ट खरी धरलीत. मला. दात न बघता.